अझोटोबॅक्टर टाकलं तरी कपाशी पिवळी काऊन पडली?

दारव्ह्याकडच्या एका भावाचा प्रश्न आहे. पाच एकर कोरडवाहू कपाशी, मागच्या खरिपात एकरी एक पाकीट अझोटोबॅक्टर (जिवाणू खत) शेणखतात मिसळून वावरभर फेकलं, दुकानदार म्हणाला हे हवेतला नत्र ओढते, एक बॅग युरिया वाचते, म्हणून भावानं युरियाचा एक डोज कमी केला अन् ऑगस्टात कपाशी पिवळी पडली. विचारतो की हे जिवाणू खरंच हवेतून नत्र घेतात का, अन् घेतात तं तो गेला कुठं.

पहिले सरळ उत्तर देतो, मंग पाल्हाळ लावतो. घेतात, हे शंभर टक्के खरं आहे, सिद्ध होऊन सव्वाशे वर्षं झाली. पण ते स्वतःसाठी घेतात, तुमच्या कपाशीसाठी नाही. अन् घ्यायला त्यांना साखर लागते, म्हणजे जमिनीत कुजणारा काडीकचरा, मुळांतून झिरपणारा रस, असं काहीतरी खायला, अन् आपल्या वावरात नेमकं तेच नाही. जिवाणू कमी नाहीत भाऊ, त्यांची भाकर कमी आहे. मी बावीस वर्षं जिवाणू खताच्या लॅबमध्ये हीच पाकिटं भरली, आता घरचं सात एकर पाहतो, त्यामुळे कोणी म्हणेल की हा आपल्याच धंद्यावर दगड मारतो, म्हणू द्या.

तुमच्या एका एकराच्या डोक्यावर जी हवा उभी आहे ना, तिच्यात तीस हजार टनांच्या वर नत्र आहे. कोरडवाहू कपाशीची शिफारस हेक्टरी ६० किलो, म्हणजे एकरी २४ किलो. हे म्हणजे धरणाच्या भिंतीवर बसून तहानेनं मरणं झालं. कारण काय, तं हवेतला नत्र सुटा नसतो, दोन-दोन अणू एकमेकांना तिहेरी गाठ मारून बसलेले असतात अन् ही गाठ रसायनशास्त्रातल्या सगळ्यात पक्क्या गाठींपैकी आहे. पिकाला ही गाठ सोडता येत नाही, आपल्याला नाही, ढोराला नाही. युरियाच्या कारखान्यात सोडतात ती कशी, तं ४०० ते ५०० डिग्री उष्णता अन् हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब देऊन, लोखंडाच्या उत्प्रेरकावरून नत्र अन् हायड्रोजन फिरवून. जर्मनीत हाबरनं १९०९ मध्ये टेबलावर करून दाखवलं, बॉशनं १९१३ मध्ये ओपाऊला त्याचा कारखाना उभा केला. अन् आपल्या काळ्या मातीतला हा डोळ्याला न दिसणारा जीव तेच काम मिरगाच्या पावसात, साध्या २८-३० डिग्रीवर, बिनदाबानं करतो. मला अजूनही याचं नवल वाटतं, खरं सांगतो.

करतो कसा? त्याच्याकडे नायट्रोजिनेज नावाचं एक एन्झाइम असतं, सगळी जादू त्याच्यातच. त्याचे दोन भाग. लहान भाग लोखंडाचा, तो इलेक्ट्रॉन आणून देणारा हमाल. मोठ्या भागात खरं कामाचं ठिकाण, तिथं ७ अणू लोखंडाचे, ९ गंधकाचे, १ मॉलिब्डेनमचा अन् सगळ्यांच्या मधोमध १ कार्बन, असा छोटासा पिंजरा असतो. (मधला तो अणू कार्बनचाच आहे हे पक्कं व्हायला २०११ साल उजाडलं, म्हणजे जिवाणू सापडल्यावर शंभराहून जास्त वर्षांनी.) नत्राची जोडी या पिंजऱ्यावर येऊन बसते, हमाल एकेक इलेक्ट्रॉन आणून टाकतो, गाठ सैल होत जाते अन् शेवटी अमोनियाचे दोन रेणू बाहेर पडतात. हमाली फुकट नाही पण. एक जोडी फोडायला एटीपीचे १६ रेणू खर्च होतात, एटीपी म्हणजे जिवाचा रोकडा पैसा समजा. वरून आठ इलेक्ट्रॉनमधले दोन दरवेळी हायड्रोजन वायू बनवण्यात वाया जातात. लय महाग काम आहे हे. म्हणून कोणताही जिवाणू शौक म्हणून नत्र ओढत नाही, आयता मिळाला तं तो आधी आयता खातो. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं युरियाच्या वेळी लागेल.

अजून एक भानगड आहे. या एन्झाइमला ऑक्सिजन चालत नाही, हवा लागली की मिनिटाच्या आत निकामी व्हायला लागते. अन् अझोटोबॅक्टर तं हवेत जगणारा जीव, त्याला श्वासाला ऑक्सिजन पाहिजेच. म्हणजे भट्टीच्या बाजूला बसून बर्फ विकण्यातला प्रकार. त्यानं यावर काढलेला तोड असा की तो इतक्या जोरानं श्वास घेतो की आत आलेला ऑक्सिजन एन्झाइमपर्यंत पोचायच्या आधीच जळून जावा. जिवाणूंमध्ये सगळ्यात जास्त श्वासवेग असणाऱ्यांत याचा नंबर लागतो. वरून अंगाभोवती चिकट बुळबुळीत थर करतो. अन् तरीही ऑक्सिजन वाढलाच तं एक प्रोटीन एन्झाइमला चिकटून त्याला तेवढ्यापुरतं झाकून ठेवते, त्याला शेठना प्रोटीन म्हणतात, शेठना नावाच्या संशोधकाच्या नावावरून. हे सगळं करण्यात साखर जळते, अन् जळते म्हणजे कशी, शेकोटीसारखी जळते.

दुसरा प्रकार आहे क्लोस्ट्रिडियम, त्याला हवा अजिबात चालत नाही, तो ढेकळाच्या पोटात, पाणी धरलेल्या जागी, कुजणाऱ्या काडीच्या आत राहतो. खरं तं तोच पहिले सापडला, विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाला १८९३ मध्ये, अन् अझोटोबॅक्टर १९०१ मध्ये हॉलंडच्या बायेरिंकला. नावाची गंमत पहा, फ्रेंचमध्ये नायट्रोजनला अझोट म्हणतात, त्याचा अर्थ ज्यात जीव टिकत नाही असा वायू. अन् त्याच वायूवर पोसणाऱ्या जिवाचं नाव झालं अझोटोबॅक्टर.

आता हिशोबाला या, इथंच सगळी मेख आहे. लॅबमध्ये अझोटोबॅक्टरला साखर खाऊ घातली तं एक ग्रॅम साखरेमागं तो साधारण १० मिलिग्रॅम नत्र पकडतो, लय लाड केले तं २०. दुकानात सांगतात हेक्टरी २० ते २५ किलो नत्र मिळते. म्हणजे एकरी ८ ते १० किलो, युरियाच्या ४५ किलोच्या बॅगेत नत्र भरतो पावणेएकवीस किलो, तेव्हा जवळपास अर्धी बॅग. बरं. आता १० किलो नत्र पकडायला १० मिलिग्रॅमच्या भावानं साखर किती लागली? एक हजार किलो. एक टन साखर, एका एकराला, अन् तीही फक्त अझोटोबॅक्टरच्याच तोंडात गेली पाहिजे, बाकीच्या करोडो जिवाणू-बुरशांनी तिला हात लावायचा नाही! मातीत हवा कमी असली तं त्याची श्वासावरची उधळपट्टी कमी होते अन् भाव जरा परवडतो, पण तुम्हाला अंदाज आला असेल. मोकळ्या जिवाणूंकडून वर्षाकाठी हेक्टरी एक-दोन किलोपासून, जमीन खरंच खाती-पिती असली तं फार तं १५-२० किलोपर्यंत. मी स्वतः माझ्या वावरात याच्या भरवशावर युरियाची पाव बॅगपण कमी धरत नाही, अन् वीस वर्षं मीच लोकांना पाकिटं देत होतो.

काही लोक म्हणतात मंग सोयाबीनला कसं जमते, तिथं तं गाठीतले जिवाणू पिकाची गरज बऱ्यापैकी भागवतात. तिथं हिशोबच वेगळा आहे राजेहो. सोयाबीनचा रायझोबियम म्हणजे घरी ठेवलेला सालदार. राहायला खोली म्हणजे गाठ, दोन टाइम जेवण म्हणजे पानातली साखर थेट मुळातून, अन् ऑक्सिजनचा बंदोबस्तही झाडच करून देते, गाठ कापली की आत जो गुलाबी रंग दिसतो तो त्याच्यासाठीच असतो. त्या बदल्यात त्यानं पकडलेला नत्र मालकाचा. अझोटोबॅक्टर सालदार तं नाहीच, रोजंदारही नाही. तो शेजारी आहे. आपलं आपण रांधतो, आपण खातो. तुम्हाला त्याच्याकडून मिळते ते केव्हा, तं तो मेल्यावर, किंवा मातीतले त्याच्याहून मोठे जीव, प्रोटोझोआ अन् बारीक सूत्रकृमी, त्याला खातात तेव्हा. जिवाणूच्या अंगात नत्र ठासून भरलेला असतो, खाणाऱ्याला तेवढा लागत नाही, उरलेला तो अमोनियाच्या रूपात टाकून देतो अन् तो मुळाला मिळतो. म्हणजे पाकीट टाकल्यापासून पिकाच्या तोंडात घास जायला आठवडे लागतात. युरियासारखं चार-सहा दिवसांत हिरवं दिसेल ही अपेक्षाच चुकीची.

आता तुमच्या पाकिटाचं. २५० ग्रॅमचं पाकीट, सरकारी मानकाप्रमाणं पावडरच्या एका ग्रॅममध्ये कमीत कमी ५ कोटी जिवंत जिवाणू पाहिजेत. म्हणजे पाकिटात झाले साडेबाराशे कोटी. आकडा ऐकून माणूस खूश होते. पण एका एकराच्या वरच्या वीतभर मातीचं वजन भरते साधारण ९ लाख किलो. भागाकार करा. एका ग्रॅम मातीला १४ जिवाणू. चौदा! अन् तुमच्या मातीत आधीचेच ग्रॅमला शेकड्यानं, कुठं हजारानं असतात. भरल्या जत्रेत चौदा पाहुणे उतरले तं जत्रेला काय फरक पडते. म्हणून फेकून टाकलं ते वाया गेलं असं समजा, वाईट वाटू देऊ नका, नव्वद टक्के लोक असंच करतात अन् पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरातलं कोणी वाचत नाही. पाकिटाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ते सगळेच्या सगळे बियाच्या अंगाला किंवा ओळीत बियाच्या खाली पडतील, कारण उगवत्या मुळाभोवती रस झिरपतो, तिथं खायला असते अन् तेवढ्या चिमूटभर जागेत हे पाहुणे संख्येनं भारी पडू शकतात.

त्यात पुन्हा ते जिवंत होते का हाही सवालच आहे. हे मी अनुभवावरून सांगतो. एका वर्षी आमच्या इकडच्या एका दुकानातून मी स्वतःच पाकिटं आणली, लॅब सोडली होती तेव्हा, तारीख चांगली होती. घरी आणून सवयीनं एक पाकीट जुन्या सोबत्याकडे तपासायला दिलं, तं त्यात मोजायला काही निघालंच नाही. दुकानावर टिनाचं छत, अन् पाकिटांचा खोका एप्रिलपासून वरच्या फळीवर, थेट टिनाखाली. अकोला-चंद्रपूरचा मे महिना, बाहेर ४५-४६, टिनाखाली किती असेल तुम्हीच सांगा. अझोटोबॅक्टर कोरड्यात टिकायला जाड कवचाची पुटी करतो, ती कोरड सहन करते, पण उष्णता नाही. तेव्हा जूनच्या पहिल्या हप्त्यात घ्या, ताजा माल आल्यावर, कंपनी कोणती यापेक्षा दुकानात तो ठेवला कुठं हे पहा. घरी आणल्यावर माठाजवळ, सावलीत. फ्रीजरमध्ये नको अन् कीटकनाशकाच्या डब्याशेजारी तं बिलकूल नको.

मंग कपाशी पिवळी का पडली? मला वाटते तीन गोष्टी एकत्र आल्या. एक तं तुम्ही युरिया खरोखर कमी केला अन् बदल्यात काही मिळालं नाही. दुसरं, शेणखत. तुम्ही लिहिलं नाही पण विचारतो, उकंड्यातून उन्हाळ्यात काढलेलं होतं का, त्यात कुटार, म्हणजे काडीचा भुसा, दिसत होतं का? अर्धकच्च्या खतात किंवा कुटारात कार्बन भरपूर अन् नत्र कमी, ते कुजवणारे जिवाणू नत्रासाठी मातीतलाच नत्र उचलतात, म्हणजे तुमच्या कपाशीच्या ताटातला घास. काही आठवड्यांनी ते मेल्यावर परत मिळतो, पण तोवर पिकाचं तारुण्य गेलेलं असते. आमचा बा म्हणे, "कच्चं खत पयल्या साली वावर खाते, दुसऱ्या साली वावराले खाऊ घालते." लॅबमध्ये शिकलो तेव्हा कळलं की म्हातारा बरोबर होता. तिसरं, ऑगस्टातली झड. काळ्या मातीत पाणी साचलं की ऑक्सिजन संपतो, अन् मातीतलेच दुसरे जिवाणू नायट्रेटमधला (नत्राचं पीक उचलते ते रूप) ऑक्सिजन श्वासाला वापरतात अन् नत्राचा वायू करून हवेत सोडून देतात. अझोटोबॅक्टर मुठीनं आणतो, हे सुपानं उधळतात. झडीनंतर पिवळं पडण्यात याचा वाटा मोठा असतो. मुळं गुदमरतात ते वेगळंच. म्हणून उतारानं चर काढणं, सरी-वरंबा, हे नत्र वाचवायचंच काम आहे, कोणी तसं सांगत नाही.

युरियाचं ते राहिलं. युरियाचा मातीत अमोनिया होतो, अन् अमोनिया भरपूर दिसला की हा जिवाणू नायट्रोजिनेज बनवणंच बंद करतो. घरात शिजलेलं असताना चूल कोण पेटवते. तेव्हा पेरणीलाच बियाजवळ युरिया अन् त्याच जागी अझोटोबॅक्टर टाकणं म्हणजे गाडीचा ब्रेक अन् अॅक्सिलेटर एकाच वेळी दाबणं. पण याचा अर्थ युरिया सोडा असा नाही! जिथं कार्बन नाही तिथं युरिया सोडून जिवाणूच्या भरवशावर बसलेले लोक मी बुडताना पाहिले. युरिया विभागून द्या, झाडाच्या बाजूला, ओलाव्यावर, डवरणीनं झाकून. पेरणीजवळची जागा जिवाणूला राहू द्या.

जीवामृताबद्दल लोक विचारतातच, म्हणून तोही हिशोब करून टाकू. एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. समजा गुळाचा कण न् कण अझोटोबॅक्टरनंच खाल्ला, तरी हवेतून आला किती, २ किलोला १० मिलिग्रॅमच्या भावानं २० ग्रॅम नत्र. बेसनातून साधारण ७० ग्रॅम, शेणातून ४० एक, गोमूत्रातून फार तं १०० ग्रॅम. सगळं मिळून पाव किलोच्या आत, म्हणजे युरियाच्या भाषेत अर्धा किलो. मी जीवामृताच्या विरोधात नाही, माझ्या संत्र्याच्या झाडांना देतोही, मातीत हालचाल वाढते हे मला दिसते. पण ते नत्राचं खत आहे असं म्हणून त्याच्या जिवावर २४ किलोचं पीक उभं करू नका. त्या पद्धतीतही खरं वजन असते आच्छादनाला, कारण तिथं कार्बन येतो, अन् नेमकं आच्छादनच लोक गाळतात कारण त्यात मेहनत आहे. ड्रममध्ये काठी फिरवणं सोपं.

बरं मंग नत्र एवढा कमी मिळतो तरी प्लॉटवर कधीकधी चांगला फरक का दिसतो? दिसतो, मी पाहिला आहे, ज्वारीत अन् गव्हात तं स्पष्ट. त्याचं कारण बहुतेक वेळा नत्र नसतेच. अझोटोबॅक्टर मुळं वाढवणारी संजीवकं सोडतो, ऑक्सिन, जिबरेलिन, काही बुरश्यांना दाबून ठेवतो, बी लवकर अन् एकसारखं उगवते, बारीक मुळं जास्त सुटतात अन् मंग तेच झाड मातीतला असलेला नत्र-स्फुरद जास्त उचलते. सोव्हिएत रशियात गेल्या शतकाच्या मध्यात अझोटोबॅक्टरिन नावानं हे लाखो हेक्टरवर वापरलं, नंतर त्यांच्याच शास्त्रज्ञांनी हिशोब मांडला तं फायदा कुठं दिसला कुठं नाही, अन् जिथं दिसला तिथं श्रेय बरंचसं या वाढीच्या द्रव्यांना दिलं. तेव्हा पाकिटाला नत्राची बॅग समजू नका, उगवणीचं टॉनिक समजा, मंग त्याची किंमत वसूल होते.

इथं थोडं धानाकडे जातो, प्रश्नात नाही पण भंडारा-गोंदिया-गडचिरोलीची मंडळी वाचत असतीलच. तुमच्या बांधीत जे निळं-हिरवं शेवाळ तरंगते ना, ज्याला आपण घाण म्हणून बाजूला सारतो, तेही हवेतला नत्र पकडणारे जिवाणूच आहेत, नॉस्टॉक, अॅनाबीना वगैरे. पी. के. डे नावाच्या भारतीय शास्त्रज्ञानं १९३९ मध्येच दाखवलं की धानाच्या बांधीत नत्र येतो तो बराचसा यांच्यामुळे. अन् यांचं भारी काय, तं ते साखर स्वतः बनवतात, उन्हावर. भाकरीचा प्रश्नच मिटला. पण उन्हावर साखर बनवताना ऑक्सिजन निघतो, अन् एन्झाइमला तं ऑक्सिजन चालत नाही, मंग काय करतात, माळेसारख्या धाग्यात दर थोड्या अंतरावर एक जाड भिंतीची पेशी बनवतात, तिच्यात ऑक्सिजन बनवायचं काम बंद अन् फक्त नत्राचं काम, बाजूच्या पेशी तिला साखर पुरवतात अन् तिच्याकडून नत्र घेतात. घरातल्या घरात वाटणी! पिढ्यान् पिढ्या बिनखताचं धान थोडंबहुत पिकत राहिलं त्याचं मोठं कारण हेच. रोवणा झाल्यावर पाणी थोडं उभं राहू द्या, स्फुरद द्या कारण शेवाळाला ते लागते, अन् युरिया वरून फोकू नका, नाहीतर तेही चूल विझवून बसते.

ज्वारीवाल्यांसाठी एक ओळ, अझोटोबॅक्टरपेक्षा अॅझोस्पिरिलम बरं, तो मुळाच्या अगदी अंगाला लागून राहतो अन् ज्वारी-मक्यासारखी गवतवर्गीय पिकं मुळातून रस सोडतात तो त्याला मानवतो. ब्राझीलच्या योहाना डोबेराइनर या बाईंनी १९७० च्या दशकात याच्यावर मोठं काम केलं. आपल्या वावरातून ज्वारी गेली अन् सोयाबीन आलं, त्यात मुळांचं ते जाळं अन् कडब्याची ती धसकटंही गेली, हे नुकसान कोणी मोजलं नाही.

आता कपाशीत करायचं काय. तुमचं बीटीचं बी पाकिटातूनच रंगीत येते, म्हणजे त्याला आधीच औषध लावलेलं आहे, त्यावर जिवाणू चोळून फायदा नाही, ते बियालाच चिकटून मरतात. त्यापेक्षा एकरी चार किलो अझोटोबॅक्टर अन् तेवढंच स्फुरद विरघळवणारं जिवाणू खत, क्विंटलभर पूर्ण कुजलेल्या, चाळलेल्या शेणखतात मिसळा, हाताला ओल लागेल इतकं पाणी शिंपडा, गोणपाटाखाली सावलीत पाच-सहा दिवस राहू द्या, म्हणजे ते तिथंच थोडे वाढतील, अन् मंग टोबताना प्रत्येक जागी चिमूटभर बियाच्या खाली. मजुरी लागते, मान्य आहे. गहू, हरभरा, तूर, ज्वारी, ज्याला बीजप्रक्रिया घरी करता तिथं क्रम लक्षात ठेवा, पहिले बुरशीनाशक, मंग कीटकनाशक, जिवाणू सगळ्यात शेवटी, १० ते १५ किलो बियाला २५० ग्रॅमचं पाकीट, थंड केलेल्या गुळाच्या पाण्यात, सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. अन् तूर-हरभऱ्याला त्यांचं त्यांचं रायझोबियम, अझोटोबॅक्टर नाही.

अन् पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं, जाळू नका. हे मी सगळ्यात शेवटी लिहितो पण खरं तं हेच पहिलं आहे. एकरी टनभर तरी पऱ्हाटी निघते, वर धुऱ्यावर ठेवून काडी लावतो आपण, अर्ध्या तासात वर्षाची भाकर खल्लास. अझोटोबॅक्टरला ती लाकडासारखी काडी थेट खाता येत नाही, आधी बुरशा अन् दुसरे जिवाणू तिला फोडतात अन् त्यांच्या ताटातलं सांडलेलं हा खातो, पण सांडायला आधी ताट तं पाहिजे. उभी ठेवू नका, बोंडअळीची सुप्त अळी जुन्या बोंडांत राहते, कपाशी संपली की लगेच उपटून श्रेडरमधून काढा. मातीत तशीच गाडाल तं तेच, पिवळेपणा येईल, म्हणून बारीक करून शेणाचा काला, थोडा युरिया टाकून (हो, युरिया, कुजवणाऱ्यांना नत्र लागतो) ढीग लावा, पाणी मारा, अन् पुढच्या नाही तं त्याच्या पुढच्या खरिपात टाका. सोयाबीनचं कुटार ढोरांना देऊन उरलं तं तेही त्याच ढिगात. माझ्या वावराचा सेंद्रिय कर्बाचा रिपोर्ट ०.३८ टक्के होता, आठ वर्षांत ०.५५ झाला. ०.५ च्या खाली म्हणजे कमी, एवढं तुमच्या रिपोर्टवर पाहून घ्या.

अन् पैसे खर्च करायच्या आधी एक घरगुती तपासणी करा, विनोग्राडस्कीच्या काळापासून चालत आलेली आहे अन् मायक्रोस्कोप लागत नाही. मूठभर ओली माती घ्या, खडे-काड्या काढा, चमचाभर मक्याचं स्टार्च, म्हणजे कॉर्नफ्लोअर, त्यात मिसळा, पाणी टाकून कणकेसारखी मळा, बशीत दाबून भरा अन् वरून चाकूनं काचेसारखी गुळगुळीत करा. वर दुसरी बशी पालथी, वाळू देऊ नका, घरातल्या उबदार कोपऱ्यात तीन-चार दिवस. अझोटोबॅक्टर असला तं वर पारदर्शक, चकचकीत, बुळबुळीत थेंब उठतात, साबुदाण्यासारखे, अन् काही दिवसांनी तपकिरी-काळे पडतात. मी दोन बश्या केल्या होत्या, एक धुऱ्यावरच्या गवताच्या मुळाखालची, एक वावराच्या मधातली. धुऱ्याच्या बशीत मोजता येईनात इतके अन् मधातल्या बशीत सात-आठ. एकच वावर, मधात पंधरा पावलं. तुमच्या मधातल्या बशीत थेंब उठले तं पाकीट घेऊ नका, त्या पैशाचं श्रेडरवाल्याला डिझेल द्या. एकही नाही उठला तं पाकीट घ्या, पण बियाच्या खाली टाका.